सहा बातम्या आणि राहून गेलेली भैरवी

कोथरूडच्या एका वाचकांनी लांबलचक पत्र पाठवलंय. त्याचा गोषवारा असा. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी हिंजवडीत, गिटार हौसेची. चौघांचा ग्रुप आहे: एक गायिका, शास्त्रीय शिकलेली, तबल्यावर कॉलेजपासूनचा मित्र, एक कीबोर्डवाला, आणि हे स्वतः, गिटार वाजवणारे आणि अधूनमधून गाणारे. जुनी भावगीतं, काही हिंदी गाणी, शेवटी भैरवी. सोसायट्यांचे कार्यक्रम होतात, कधी एखाद्या कॅफेत संध्याकाळ मिळते. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलली की तबला त्या सुरात लावायला वेळ जातो. तेवढा वेळ भरून काढायला हे गृहस्थ पेपरातल्या चमत्कारिक बातम्या सांगू लागले. कात्रणांची वहीच आहे त्यांच्याकडे. बातम्या लोकांना आवडल्या. इतक्या, की कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर ठरलेल्या तेरा गाण्यांपैकी अकराच झाली आणि बातम्या झाल्या सहा. पुढे बाणेरच्या एका कॅफेत लोक आपापल्या गप्पांत रंगलेले बघून यांनी व्हायोलिनवादक जोशुआ बेलची बातमी सांगितली: एवढा मोठा कलाकार स्टेशनवर वाजवत उभा राहिला आणि कोणी थांबलं नाही. त्यावर मागच्या टेबलावरून आवाज आला, "गाणी राहू द्या हो, अजून एक बातमी होऊन जाऊ द्या!" सगळे हसले. गायिका हसल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू एकटाच जा." तेव्हापासून रिहर्सल बंद आहे. त्यात डिसेंबरात सवाई, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव, ऐकून आल्यावर यांना वाटू लागलंय, की आपण जे करतो त्याला संगीत म्हणायचं तरी का? ते विचारतात: बातम्या बंद करू का? लोकांना बातम्याच आवडतात म्हणजे आमचं गाणं कच्चं आहे का? आणि असेल, तर तयारी होईपर्यंत कार्यक्रमच थांबवावेत का?

तुमचे तिन्ही प्रश्न एक तर श्रोत्यांबद्दल आहेत, नाही तर तुमच्याबद्दल. ज्यांनी तुमच्यासोबत यायचं नाही असं सांगितलं, त्या बाईंबद्दल एकही नाही. त्यांचा राग तुम्ही कॅफेतल्या त्या एका वाक्यावर टाकलात आणि पुढे गेलात. पण तुमच्या पत्रात दुसऱ्या पानावर, मधेच कुठेतरी, एक ओळ आहे: "वेळेअभावी शेवटची दोन गाणी घेता आली नाहीत." त्या दोनांत भैरवी होती. मला वाटतं, भांडण तिथलं आहे. कॅफेत फक्त तोंड फुटलं.

भैरवी हे काही यादीतलं तेरावं गाणं नसतं. मैफल तिच्यावर संपते हे गाणाऱ्याच्या अंगात भिनलेलं असतं. सगळा कार्यक्रमभर आवाज त्या हिशेबाने राखलेला असतो. घरून निघताना त्या बाईंनी बहुधा तेवढंच गाणं मनात घोळवलं असेल. आणि दहाच्या ठोक्याला सेक्रेटरींनी स्पीकर बंद केला. यात सेक्रेटरींचं काही चुकलं नाही. उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती यादी आधी जाहीर झालेली असते. आपला कार्यक्रम त्यात बसतो असं परस्पर धरून चालू नये. अहो, सवाईसुद्धा एके काळी रात्रभर चालायचा, उजाडल्यावर लोक घरी जायचे. नियमाने त्यालाही घड्याळ लावलं. तुमची गच्ची कुठून सुटणार?

आता तुमचाच हिशेब मांडून बघू. आठची वेळ होती, पण चेअरमनसाहेबांचं मनोगत आणि कुणाकुणाचे सत्कार आटोपून तुम्हाला माइक मिळाला साडेआठला. हाती राहिली नव्वद मिनिटं. तेरा गाणी, प्रत्येकी सहा मिनिटं धरली तर अठ्ठ्याहत्तर. उरली बारा. एक बातमी दोन मिनिटांची असं तुम्ही लिहिता, पण ती सांगून झाल्यावरचा हशा, मग पहिल्या रांगेतल्या काकांची त्यावर कोटी, त्या कोटीला तुमचं उत्तर, हे धरून चार मिनिटं सहज जातात. सहा बातम्यांची चोवीस. म्हणजे बारा मिनिटं जास्त, आणि बारा मिनिटं म्हणजे बरोबर दोन गाणी. तुमच्याशिवाय हा हिशेब त्या दिवशी आणखी एका माणसाने स्टेजवर बसून केला असणार, तोही मिनिटामिनिटाला घड्याळाकडे बघत.

(जाता जाता सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांना: शाल आणि नारळ द्यायलाच हवेत, मान्य. पण ते कार्यक्रमाच्या आधी दिले तर गाणाऱ्यांच्या वेळातून जातात, हे निदान ठाऊक असू द्या. आणि मसाला दूध भैरवीच्या मधे फिरवू नका.)

तर तुमचा पहिला प्रश्न, बातम्या बंद करू का. तुम्ही असं धरून चालला आहात, की खरे कलाकार बोलत नाहीत. बोलणं म्हणजे गाण्यातली उणीव झाकणं. ख्यालाच्या मैफलीपुरतं ते बरंचसं खरं आहे. तिथे रागाचं नाव सांगितलं आणि साथीदारांची ओळख करून दिली की पुरे. पण आपल्याकडे गाणं काही तेवढ्याच दारातून आलेलं नाही. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, मधे आजच्या पेठेतला किस्सा सांगून हसवतो, उत्तररंगात आख्यान लावतो, आणि दर थोड्या वेळाने झांज वाजून अभंग उभा राहतो. तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी असते, ती तर निव्वळ बोलण्यावर आणि हजरजबाबीपणावर चालते. शाहीर डफावर थाप मारण्याआधी काय कमी बोलतो का? गाणं आणि बोलणं आपल्या मातीत एकत्र नांदत आलंय, त्याची लाज तुम्ही बाळगू नका.

मात्र कीर्तनकाराचं एक बघा. त्याचा किस्सा कितीही रंगला तरी झांजवाल्याला कळतं, की आता अभंग येणार. तो ज्या वाक्यावर थांबतो त्या वाक्यापाशी अभंग तयार असतो. तुमची बातमी हशावर संपते आणि तिथेच तुम्ही मोकळे होता. त्यापुढचं सगळं गायिकेच्या अंगावर पडतं. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप चालू आहे, तबला लागलाय, लोक अजून हसताहेत, कोणी शेजारच्याला तीच बातमी परत समजावून सांगतोय, आणि या बाईंना विरहाचं भावगीत सुरू करायचंय. त्या थांबतात. हसू ओसरायची वाट बघतात. तो पहिला षड्ज, म्हणजे 'सा', लावणं त्या क्षणी किती अवघड असेल याचा विचार करा. आणि हे एकदा नाही, सहा वेळा.

दुसरा प्रश्न, लोक बातम्यांना हसतात म्हणजे गाणं कच्चं का. हशा मोठा ऐकू येतो, ऐकणं ऐकू येत नाही, एवढाच यातला घोटाळा आहे. पुण्यात तर दाद मोजणं आणखी कठीण. "बरा झाला कार्यक्रम" हे इथे जवळजवळ सुवर्णपदक आहे. तेव्हा हशावरून गाण्याचा अंदाज बांधू नका. त्यापेक्षा साधी चाचणी सांगते. पुढच्या कार्यक्रमाला एक मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मागच्या रांगेत ठेवा, स्टेजवर नको. घरी येऊन प्रत्येक गाण्याचं पहिलं अर्धं मिनिट ऐका. गाणं सुरू झाल्यावर भोवतालची कुजबुज कमी होते, की तशीच राहते? ज्या गाण्यांना कमी होते ती तुमची पक्की गाणी. जिथे होत नाही तिथे बघा, गाणं कच्चं आहे, की त्याच्या आधी सांगितलेली बातमी लोकांच्या तोंडात अजून घोळतेय? उत्तर तुम्हाला तिथल्या तिथे मिळेल, आणि ते माझ्या मतापेक्षा भरवशाचं असेल.

मला स्वतःला संशय आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. तबला लागेपर्यंतची शांतता श्रोत्यांना टोचत नाही, तुम्हाला टोचते. हातोडीचे ठोके पडताहेत, तबलजी कान तबल्याच्या कडेच्या चामडी गजऱ्याशी नेऊन एकेक घर तपासतोय, हे बघायला लोकांना आवडतं. कारागीर कामात असला की माणसं बघत उभी राहतातच. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते, तर तेवढ्यावरच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या! वाद्यं लावणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकर हसून बोलले आणि वाजवायला लागले. एका वाक्यात काम झालं. तुमच्या वहीत ही बातमी नसेल तर चिकटवून ठेवा.

आणि शांततेचीच बातमी हवी असेल तर जर्मनीतल्या हाल्बरश्टाटची आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये जॉन केज या अमेरिकी संगीतकाराची एक रचना ऑर्गनवर चालू आहे. "शक्य तितकी संथ" वाजवायची अशी सूचना त्याने दिलेली, म्हणून लोकांनी ती ६३९ वर्षं चालेल अशी बेतली. ५ सप्टेंबर २००१ ला सुरुवात झाली, शेवट २६४० साली. रचनेच्या आरंभीच विराम असल्यामुळे पहिले सतरा महिने भात्याच्या हवेखेरीज काहीही ऐकू आलं नाही. पहिला सूर वाजला तो फेब्रुवारी २००३ मध्ये. ५ फेब्रुवारी २०२४ ला सुरावट बदलली तेव्हा तो एक बदल ऐकायला माणसं मुद्दाम जमली होती. तिथे सतरा महिने धीर धरला, तुम्ही तबल्यासाठी चाळीस सेकंद धरा.

पण मुळात तबला इतक्यांदा लावायची वेळ का येते? इथे बातमीपेक्षा यादीचा दोष जास्त दिसतो. गाण्यांचा क्रम तुम्ही विषयावरून लावता: पावसाची एकत्र, चांदण्याची एकत्र. ऐकायला छान. पण मग काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी 'सा' धरून), त्यानंतर काळी पाच, परत काळी चार, असा तबल्याचा जीव खालीवर होत राहतो. क्रम पट्टीवरून लावा. एका पट्टीतली सगळी गाणी सलग घ्या, मग दुसऱ्या पट्टीतली. कार्यक्रमात तबला एकदाच बदलायची वेळ यावी, फार तर दोनदा. मूळ रेकॉर्डच्या पट्टीतच गायचं हा हट्ट सोडला तर तेवढीही येणार नाही. गायिकेच्या गळ्याची पट्टी ती आपली पट्टी, आणि गिटारला कॅपो, तो तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, आहेच की. तुम्ही स्वतः काळी एकमध्ये गाता असं लिहिलंय. मग तर सोन्याहून पिवळं: काळी एकचा पंचम, म्हणजे 'प', तीच काळी चार. बाईंसाठी षड्जात लावलेला तबला तुमच्या गाण्याला पंचमात चालतो, हातोडी उचलायचं कारण नाही. तुमच्या तबलजीला हे ठाऊक असणारच. त्याला यादी करताना कोणी विचारलं नसेल.

शक्य असेल तर दोन तबले आणा, आधीच वेगवेगळ्या पट्ट्यांत लावून ठेवलेले. आणि कार्यक्रमाच्या जागी किमान तासभर आधी पोहोचून ते उघडून ठेवा. कोजागिरीच्या गच्चीवर दव पडतं, पुडी (तबल्यावरचं चामडं) ओलावते, तबला उतरतो. कॅफेतल्या एसीत नेमकं उलटं, चढतो. घरी लावलेला तबला तिथे लागलेला राहील ही आशा व्यर्थ आहे, पण हवेशी जुळायला वेळ दिला तर मधेमधे कमी त्रास देतो.

असं केलंत की तुमच्या सहा बातम्यांना जागाच उरत नाही. उरते एक, किंवा दोन. आणि तेवढ्या पुरेत.

त्या एका-दोन बातम्यांविषयी थोडं सविस्तर बोलते, कारण ही खोड तुमच्या एकट्याची नाही. निवेदन करणाऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या, शाळेच्या संमेलनात माइक हातात पडणाऱ्या कितीतरी जणांची आहे. चमत्कारिक बातमी म्हणून जे छापून येतं त्यात बरेचदा कुठल्या तरी गावातला कोणी तरी गरीब, वेडा, फसलेला किंवा दारू प्यायलेला माणूस असतो, आणि आपण त्याच्यावर हसतो. तो लांबचा असतो म्हणून चालून जातं. पण त्याच्या जागी आपल्या इमारतीतला कोणी आहे असं समजून ती बातमी मनात एकदा म्हणून बघा. जीभ अडखळली तर ते कात्रण वहीतच राहू द्या. दुसरं, तारीख. "परवाच वाचलं" म्हणून सांगितलेली बातमी पंधरा वर्षांपूर्वीची निघते, आणि पुण्यात ते दाखवून देणारे आजोबा प्रत्येक कार्यक्रमाला हजर असतात. त्यांच्यावर चिडू नका, ते बरोबर असतात. व्हॉट्सॲपवर आलेलं, कुठे छापलंय ते सापडत नाही, असं काही माइकवरून सांगू नका.

आणि तिसरं, बातमी कुणाला मारायला वापरू नका. बाणेरच्या कॅफेत तुम्ही नेमकं तेच केलंत. जोशुआ बेलची गोष्ट लोक कशी ऐकत नाहीत याचा दाखला म्हणून जगभर सांगितली जाते. १२ जानेवारी २००७, वॉशिंग्टनमधलं मेट्रो स्टेशन, त्रेचाळीस मिनिटं वादन, हातात १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन, समोरून १,०९७ माणसं गेली आणि जेमतेम सात जण थांबले. हे सगळं खरं. पण वेळ कुठली होती? सकाळची आठच्या सुमाराची, कामाच्या दिवशी, आणि जाणारे बहुतेक सरकारी नोकर. शिवाजीनगरला लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाने थांबून यमन ऐकावा अशी अपेक्षा तुम्ही कराल का? तीच माणसं रात्री तिकीट काढून त्याला ऐकायला गेलीही असतील. कॅफेतली माणसंही तशीच. ती एकमेकांना भेटायला आलेली असतात. गाणं त्यांना वर मिळालंय. त्यांना टोमणा मारलात तर ती हसून टोमणा परत करणार. मागच्या टेबलावरचा तो माणूस खरं तर तुमचाच सूर पुढे चालवत होता.

तिथे मिसळायचीच असती तर दुसरी बातमी चालली असती. करोनाची टाळेबंदी उठल्यावर २२ जून २०२० ला बार्सिलोनाचं लिसेऊ ऑपेरागृह उघडलं, ते माणसांसाठी नाही. खुर्च्यांवर २,२९२ कुंड्या मांडल्या आणि चार वादकांनी त्या झाडांसमोर वाजवलं. नंतर ती झाडं दवाखान्यांत राबलेल्या लोकांना वाटली. ही सांगितली की कॅफेतल्या माणसाला वाटतं, चला, आपण झाडापेक्षा बरे, निदान टाळ्या तरी वाजवतो. हसूही येतं आणि तो तुमच्या बाजूला येतो. लगेच त्यापाठोपाठ गाणं सुरू करा. फक्त "आणि यावरूनच आठवतं ते पुढचं गीत" हे वाक्य कृपा करून नको. बातमी आणि गाणं यांची ओढूनताणून सोयरीक जुळवायचा हा रोग मराठी निवेदनाला जुनाच आहे. झाडांची गोष्ट सांगून थांबलात आणि गाणं सुरू झालं तरी श्रोता गोंधळत नाही.

सवाईचं म्हणाल तर १९५३ पासून चालत आलेल्या, भीमसेनजींनी गुरूंच्या स्मृतीसाठी उभ्या केलेल्या महोत्सवाशी स्वतःची तुलना करून कार्यक्रम थांबवायचे ठरवले, तर या शहरात पेटीला हात लावायला कोणी उरणार नाही. शिवाय तुम्ही तिथे बसला होतात ना? मग मंडपात काय चालतं ते डोळ्यांनी पाहिलंत. तिथेही एखाद्याचं गाणं चालू असताना लोक उठून बटाटेवडा खायला जातात. तिथेही कोणाची तरी पिशवी कुरकुरते. पुढच्या वेळी गाण्याच्या बरोबरीने मधला वेळही बघा. नवीन कलाकार बसल्यावर पहिली पाच मिनिटं काय करतो, मॉनिटरचा आवाज कमी-जास्त करायला साउंडवाल्याला हाताने कसं सांगतो, तानपुरे लागेपर्यंत कुठे बघतो. हौशी माणसाने मोठ्यांच्या मैफलीतून उचलण्यासारखं हे आहे. त्यांच्या ताना तुमच्या-माझ्या आवाक्यातल्या नाहीत, पण न बोलता बसणं जमण्यासारखं आहे.

तयारी होईपर्यंत थांबावं का, याला माझं उत्तर नाही असंच आहे. घरी केलेली तयारी आणि माइकसमोरची तयारी या दोन निराळ्या गोष्टी, आणि दुसरी माइकसमोरच होते. फक्त चुकायला सोपी जागा निवडा. कॅफे ही सगळ्यात अवघड जागा, कारण तिथे मिक्सर आणि वेटर तुमच्याशी स्पर्धा करतात. कुणाच्या घरच्या दिवाणखान्यात, वीस-पंचवीस माणसांत, माइकशिवाय एक बैठक करा. बंद जागेत ध्वनिक्षेपक नसताना दहाचीही धास्ती नाही. शेजारधर्म पाळला म्हणजे झालं.

आता गायिकेबद्दल. ग्रुपवर "सॉरी" आणि हात जोडलेली खूण पाठवून हे मिटणार नाही, तेव्हा ते करू नका. फोन करा, भेटा, आणि कॅफेबद्दल बोलण्याआधी कोजागिरीबद्दल बोला. "त्या दिवशी तुझी भैरवी माझ्या बडबडीत गेली" एवढं स्पष्ट वाक्य. "वेळेअभावी" हा शब्द त्यात येऊ देऊ नका. वेळ कुणी खाल्ला ते दोघांनाही माहीत आहे. मग विचारा: तुझ्या कुठल्या गाण्याआधी मी बोललेलं चालेल, आणि कुठल्या गाण्याआधी अजिबात नको? त्या म्हणाल्या एकाही गाण्याआधी नको, तर तसंच. त्या मध्यंतराआधी एक चालेल म्हणाल्या, तर एक. ही परवानगी दर कार्यक्रमाला नव्याने घ्या, कारण यादी दर वेळी बदलते. आणि कार्यक्रमाच्या कागदावर गाण्यांसमोर वेळा लिहा. दहाला बंद होणार असेल तर नऊ चाळीसला भैरवी, मग तेव्हा सातवं गाणं चालू असो की अकरावं. राहिली गाणी राहिली. त्यांतलं एखादं तुमचं असेल तर उत्तमच.

त्या तरीही नाही म्हणाल्या तर? तसं होऊ शकतं. गाणाऱ्याचा सांभाळलेला आवाज वाया गेला की ते सहजी विसरलं जात नाही. तेव्हा मनधरणी करत बसू नका. तिघांनी रिहर्सल सुरू ठेवा, त्यांना वेळ कळवत राहा. कदाचित त्या येऊन नुसत्या बसतील. बसू द्या.

राहिली तुमची वही. तिच्यात जीव आहे हे तुमच्या पत्रावरून कळतं, आणि माणसांना हसवता येणं ही काही टाकून द्यायची गोष्ट नाही. पुण्यात ओपन माइकच्या संध्याकाळी आता ठिकठिकाणी होतात. एखाद्या ठिकाणी गिटार न नेता जा. पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात दोन बातम्या सांगून बघा. मागे गाणं नाही, पुढे गाणं नाही, तबला लागण्याचं निमित्त नाही. तिथे लोक हसले तर तुम्हाला एक वेगळा छंद सापडला, तो वेगळ्या दिवशी जोपासा. नाही हसले तर इतके दिवस गाणं तुमच्या बातम्यांना सांभाळत होतं हे कळेल, आणि ते कळणंही तुमच्या कामाचंच.

कॅफेचा पुढचा कार्यक्रम ठरवताना मात्र मालकांना दोन गोष्टी आधी विचारा. सार्वजनिक ठिकाणी गाणी सादर करायचा परवाना त्यांनी घेतलाय का, आणि त्या संध्याकाळी भारताची मॅच आहे का. परवाना नसेल तर तो कार्यक्रमाआधी काढता येईल. मॅच असेल तर तारीखच बदलून घ्या.